मिस्टेकन म्हणजे नक्की कोण?

माणसं इंग्रजी शिकायला येतात आणि जाताना किस्से ठेवून जातात. डोंबिवलीत, मानपाडा रोडला मी मोठ्या माणसांसाठी स्पोकन इंग्लिशचा क्लास घेते. एका शब्दाचे तर इतके किस्से साठलेत, की तो फळ्यावर लिहिताना आता माझाच हात थबकतो. मिस्टेकन. म्हणजे चुकलेला, गैरसमज झालेला.

क्लासातले शिंदेकाका ठाण्याला, माजिवड्याच्या एका कॉम्प्लेक्समध्ये वॉचमन. गेटवर एक साहेब त्यांना म्हणाले, "यू आर मिस्टेकन."

काका नम्रपणे म्हणाले, "नो सर, आय अ‍ॅम शिंदे."

मी त्यांना समजावलं, "काका, मिस्टेकन म्हणजे तुमचं चुकलं."

"मॅडम, मी नाव सांगितलं फक्त. त्यात काय चुकलं?"

कोपरच्या सुलभाताईंचा घोळ वेगळाच. "चूक केली मी, मग 'टेकन' कोणी घेतलं?"

मी 'उद्या सांगते' म्हटलं. घरी जाऊन डिक्शनरी उघडली, तर गोंधळ वाढला. दुसऱ्या दिवशी सांगितलं, "'आय अ‍ॅम मिस्टेकन' म्हणजे मी चुकले. पण 'आय वॉज मिस्टेकन फॉर हर' म्हणजे लोकांनी मला ती समजलं. चूक लोकांची."

सुलभाताईंनी वही मिटली. "एका 'फॉर'ने चूक दुसऱ्याच्या गळ्यात? नवऱ्याशी बोलताना कामाला येईल."

आणि फिलोमिनाबाई. साठीच्या, ठाण्याच्या जुन्या गावठाणातल्या. तिथे कोणी ओळखीचं बघेल म्हणून लाजून डोंबिवलीला शिकायला यायच्या. त्यांचं नाव ऐकून बँकेपासून दवाखान्यापर्यंत सगळे इंग्रजीच झाडतात. "नाव इंग्लिश हाय टीचर, मी नाय," म्हणायच्या.

एका दुपारी आल्या त्या डोळे सुजवूनच. नवऱ्याच्या फुफ्फुसात डाग सांगितला होता, म्हणून पुन्हा तपासणी केलेली.

"डॉक्टर भराभर बोलला, मी येस येस केलं. हसत होता, मला वाटलं धीर देतोय. मिस्टेकन झालाय माज्या नवऱ्याला. दोन दिवस घरात कोणी नीट जेवला नाय."

त्यांनी पिशवीतून डॉक्टरचा कागद काढला. मी तो दोनदा वाचला. आपणच चुकत असलो तर, अशी भीती वाटली, म्हणून तिसऱ्यांदा वाचला.

"बाई, मिस्टेकन हा आजार नाही. आधीचं निदान चुकलं होतं, असं लिहिलंय. तुमच्या नवऱ्याला काही झालेलं नाही."

त्यांनी कागदावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "परत वाचा." मी वाचलं. त्यांनी पदराने डोळे पुसले, कागदाची घडी घातली आणि दाराशी जाऊन थांबल्या.

"टीचर, मोठा दीर आलाय घरी. धा वरसं दोघं भाऊ बोलत नव्हते. आजार ऐकून धावत आला. आता माज्या किचनमध्ये मासे साफ करत बसलाय."

"मग?"

"नवऱ्याला जाऊन कानात सांगते. दिराला जेवण झाल्यावर."