काकूंच्या कोपराची उंची

मिलिमीटरला काका फारसं ओळखत नव्हते, हे आधीच कबूल केलेलं बरं. त्याचं सुतारकामाचं दुकान काकांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. जाता-येता ‘काय काका?’, ‘चाललंय’, एवढंच बोलणं. तो राहतो कुठे, घरी कोण असतं, त्याचा डबा कोण करून देतं, यातलं काहीही काकांनी कधी विचारलं नाही. आधी भीड म्हणून, आणि पुढे इतकी वर्षं विचारलं नाही तर आता कोणत्या तोंडाने विचारायचं म्हणून. पण काकांच्या घरात आज जे हसणं-ओरडणं ऐकू येतं त्यातलं अर्धं त्या माणसाचं देणं आहे, तेव्हा जेवढं माहीत आहे तेवढं तरी सांगायला हवं.

मिलिमीटर हे नाव अर्थातच लोकांनी ठेवलेलं. गिऱ्हाइकाने हात पसरून म्हणावं, ‘एवढंसं कपाट हवंय,’ की तो कानावरची पेन्सिल काढून विचारायचा, ‘एवढंसं म्हणजे किती मिलिमीटर?’ लोक वैतागायचे. पण त्याने केलेला खण पंधरा वर्षांनीही करंगळीने उघडायचा, त्यामुळे वैतागून परत त्याच्याकडेच यायचे.

काकांचा धंदा निराळा. तरुणपणी ते व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये मशिनं दुरुस्त करत. माणसाएवढी लाकडी कपाटं, छातीच्या उंचीला पडदा, त्याखाली एक दांडा आणि चार-सहा रंगीत बटणं. तिथेच टोकनं देण्याच्या खिडकीत एक मुलगी बसायची. जेवणाची सुट्टी झाली की डबा बाजूला सारून ती अंतराळयानाच्या खेळापुढे उभी राही आणि भल्याभल्यांचा विक्रम मोडून ठेवी. विक्रम केला की पडद्यावर नावाची तीन अक्षरं टाकायची असतात. तिला तेवढीही सवड नसे. पहिलंच अक्षर तीनदा दाबून मोकळी. पडद्यावरच्या दहाच्या दहा ओळींत एकच अक्षर दिसायला लागलं, तेव्हा मशीन बिघडलं असं समजून मेकॅनिकला बोलावलं गेलं. मेकॅनिकने मशीन उघडलं, तपासलं, बंद केलं आणि पुढे त्याच मुलीशी लग्न केलं. याच आपल्या काकू.

गेल्या वर्षी काकूंना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परतलं, आणि जीभ तर पूर्वीपेक्षा धारदार होऊन परतली. पण चालणं गेलं आणि उजवा हात मांडीवर पडून राहिला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक रबरी चेंडू दिला आणि काकांना बाहेर बोलावून सांगितलं, ‘हे पहिले काही महिनेच महत्त्वाचे. हात वापरला तर परत येईल, नाही तर तसाच राहील.’ काकूंनी दोन दिवस चेंडू दाबला, तिसऱ्या दिवशी खिडकीतून टाकून दिला. ‘मला काय लिंबू पिळायचंय?’

तेव्हा काकांच्या डोक्यात आलं की घरीच एक मशीन उभं करावं. तारा, पडदा, छोटा कॉम्प्युटर हे सगळं त्यांच्या हातचं काम. लाकूड मात्र मिलिमीटरकडे. काकांनी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीमागे आठवणीतून पूर्ण आकाराचं चित्र काढलं आणि ती गुंडाळी घेऊन दुकानात गेले.

मिलिमीटरने कागद जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर खिळ्यांचे डबे ठेवले आणि विचारलं, ‘खेळणार कोण?’

इथे काकांनी घोळ घातला. साठी बुद्धी नाठी म्हणून आपलं हसं होईल, अशी त्यांना धास्ती. शिवाय बायकोचा हात हा काही चारचौघांत सांगायचा विषय नव्हे. ते म्हणाले, ‘असेच. पाहुणे-बिहुणे.’

‘पाहुण्यांची उंची किती?’

‘माझ्याएवढीच धरा.’

मिलिमीटरने काकांना भिंतीला टेकून उभं केलं आणि मापं घेतली. कपाट झालंही तसंच, देखणं. कडा इतक्या गुळगुळीत की काका येता-जाता हात फिरवत. आतलं काम करायला त्यांनी दुकानातच पंधरा दिवस घेतले. मग एका सकाळी मिलिमीटर आणि एक हमाल ते घेऊन घरी आले. काकूंसमोर ठेवून काकांनी बटण दाबलं. पडदा उजळला, जुनी धून वाजली.

काकू चाकाच्या खुर्चीत होत्या. दांडा-बटणांची फळी त्यांच्या हनुवटीच्याही वर आली होती. त्यांनी मान वर करून पाहिलं. ‘माझ्यासाठी का? वा! आता एक शिडी आणा.’ आणि उजवा हात हळूच पदराखाली घेतला.

आता काकांचं लक्ष फळीकडे गेलं. फळीवर दांडा डावीकडे, बटणं उजवीकडे, जशी पार्लरमध्ये असायची तशी. म्हणजे नुसती उंचीच नव्हे, जी बोटं उचलतच नाहीत त्यांनाच सगळं काम दिलेलं. इतके दिवस घासलं-पुसलं, पण एवढी साधी गोष्ट लक्षात आली नव्हती, कारण कागदावर चित्र काढताना त्यांच्या डोळ्यांपुढे खिडकीतली ती मुलगी होती.

मिलिमीटरने एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा पदराकडे. ‘काका, पाहुणे ते हेच का?’

काकांनी मान हलवली.

‘लाकडाची चूक नाही,’ मिलिमीटर म्हणाला. ‘माहितीची चूक आहे.’ आयुष्यात तो काकांना रागावला असेल तर एवढाच. मग गुडघ्यावर बसून त्याने टेप काढली. ‘काकू, कोपर असा ठेवा. सहाशे सत्तर. गुडघा पाचशे वीस. आता हात द्या. तो नाही, दुसरा.’

‘त्या हाताचं काय करायचंय? तो सुट्टीवर आहे.’

‘असू दे. सुट्टीचा अर्ज तरी बघू.’

काकूंना हसू आलं. हात बाहेर आला. मिलिमीटरने पिशवीतून लाकडाच्या फटी भरायची पुट्टी काढली, लाडवासारखा गोळा केला आणि त्यांच्या तळव्यात ठेवला. ‘धरा. जमेल तेवढंच.’ काकूंची मूठ अर्धीमुर्धी मिटली. गोळ्यावर उमटलेले बोटांचे ठसे त्याने फडक्यात असे गुंडाळले, जणू अंडं आहे. मग खेळाची फळी चार स्क्रू काढून सोडवली, बाजूला ठेवली आणि म्हणाला, ‘ही फेकू नका हं. ही लागेल.’

दुसऱ्या दिवशी त्याने अंगणात ते देखणं कपाट आडवं पाडलं आणि खालून चारशे मिलिमीटर करवतीने उडवून दिलं. काका आत जाऊन बसले, आवाज ऐकवेना. गुडघे आत जातील अशी पोकळी केली. आणि आठवड्याने नवीन फळी घेऊन आला. बटणं आता डावीकडे. दांडा उजवीकडे, आणि त्याच्या टोकाला कातून, तासून केलेली लाकडी मूठ, नेमकी त्या पुट्टीच्या गोळ्याच्या आकाराची.

‘बोटं उचलत नाहीत, पण मनगट ढकलतंय,’ तो म्हणाला. ‘मग बटणं त्याला कशाला? दांडा द्यायचा.’

हे डोकं आपल्याला का नसावं, असं काकांना वाटलं. तोंडाने मात्र ते एवढंच म्हणाले, ‘चहा घेणार?’

पण काकू हात लावेनात. ‘मी काय लहान मूल आहे? न्या ते.’ मिलिमीटरने स्टूल ओढलं आणि स्वतःच खेळायला बसला. पहिलं यान गेलं. दुसरं गेलं. तिसरं तर सुरू होताच गेलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. काकूंनी आधी तोंड फिरवलं, मग चुळबुळ केली, मग त्यांना राहवेना.

‘अहो डावीकडे! डावीकडे घ्या! अरे देवा, दांडा धरलाय की म्हशीचं शेपूट?’

‘माझ्या हातात एवढंच आहे, काकू.’

‘दिसतंय ते! सरका बाजूला.’

खुर्ची पुढे आली. काकूंनी डाव्या हाताने उजवा हात उचलून त्या लाकडी मुठीवर ठेवला. हात बसला, जागेवर बसला. यान आधी थरथरलं आणि मग, अगदी थोडं, उजवीकडे सरकलं. काकांचा जीव भांड्यात पडला. मिलिमीटर चहा फुंकत पडद्याकडे पाहत होता.

पुढे तो दर शनिवारी दुकान बंद करून यायचा, एक कप चहा प्यायचा आणि काकूंकडून हरून जायचा. वरच्या नऊ ओळींत काकूंचं तेच एक अक्षर, आणि तळाशी दहावा हा. ‘मिलिमीटरने मोजलं तरी तुमचे गुण दिसत नाहीत,’ काकू म्हणत. जो माणूस लाकडात केसाएवढा चुकत नाही, तो पडद्यावर इतका कसा चुकतो, याचा काकांना संशय यायचा. पण तेही त्यांनी विचारलं नाही.

सातव्या महिन्यात काकूंची तर्जनी हलली, मग मधलं बोट. एका बुधवारी त्या म्हणाल्या, ‘अहो, ती जुनी फळी कुठे आहे? मला बटणं उजवीकडे हवीत.’ काका तसेच चपला घालून दुकानाकडे निघाले.

त्या आठवड्यात शुक्रवारी दुकान उघडलं नाही. मिलिमीटर झोपेतच गेला होता. काका त्याच्या घरी गेले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दाराची कडी गुडघ्याच्या जरा वर होती. दिव्याची बटणं, कपड्यांच्या खुंट्या, ओट्याचा एक भाग, सगळं बसल्या माणसाच्या हाताला येईल असं. त्याची बहीण म्हणाली, ‘आईसाठी केलं होतं. नऊ वर्षं खुर्चीत होती ती. जाऊन बारा वर्षं झाली, पण दादाने काही वर सरकवलं नाही. वाकूनच दार उघडायचा.’

काकांना बहिणीला खूप सांगायचं होतं. जमलं नाही. निघताना त्यांनी वाकून दार ओढून घेतलं.

शनिवारी फळी त्यांनीच बदलली. मशीनचं मागचं दार उघडलं तर आतल्या लाकडावर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: काकू, बसून, कोपर ६७०. काकू उजव्या हाताने बटणं दाबत खेळल्या. चारातली तीन बोटं चालली. खेळ संपल्यावर त्यांनी यादीतल्या मिलिमीटरच्या दहाव्या ओळीकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, ‘हे तुम्ही कुठे तरी लिहून ठेवा. मी आता वाढतच जाणार, ही ओळ पडद्यावर राहायची नाही.’ काकांनी ते गुण आतल्या त्या पेन्सिलीच्या ओळीखाली उतरवून ठेवले.

त्याआधी बुधवारी, दुकानाच्या दारात, काका आणि मिलिमीटरचं जे शेवटचं बोलणं झालं ते असं. मिलिमीटर रंधा मारत होता. काका म्हणाले, ‘ती जुनी फळी लावायची म्हणतेय ती.’

रंधा थांबला. ‘खरंच?’

‘हो. तुम्ही येऊन लावाल का?’

‘चार तर स्क्रू आहेत, काका. तुम्हीच लावा की.’

‘तुम्ही लावलेली बरी.’

‘बरं, शनिवारी येतो. चहात साखर कमी घाला म्हणावं.’

‘सांगतो,’ काका म्हणाले.