राव मामांच्या दारावरचा मराठी बोर्ड

राव मामा आज पहाटे गेले, आणि आठ वाजायच्या आत तुम्ही सगळे त्यांचे जवळचे झालात.

आपल्या गावातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक्केचाळीस हात जोडलेले इमोजी आले. मी मोजले.

"आपल्या गावाची शान", "असा माणूस होणे नाही", "मामांशिवाय दिवाळी अपूर्ण". एकाने तर "mamaji" लिहिलंय. मामांना आयुष्यात कोणी मामाजी म्हटलं नाही.

सोबत फोटो गेल्या दिवाळीचा. मामा मध्ये, तुम्ही आजूबाजूला, प्रत्येकाच्या हातात दुकानाची पिशवी.

त्या पिशव्यांचं पुढे काय झालं, ते कोणी लिहिलं नाही. म्हणून मी लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मामा तंजावरकडचे मराठी. चेन्नईबाहेर ईसीआरवर, म्हणजे समुद्रकाठच्या हायवेवर असलेल्या आपल्या गावात, बस स्टॉपपासून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं कपड्यांचं दुकान होतं. वेष्टी म्हणजे इकडची धोतरं, शर्ट, लहान मुलींचे पावडई-परकर, सुती साड्या.

बारावी नापास झाल्यावर वडील मला इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीत, स्वतःच्या कंपनीत चिकटवणार होते. मी मामांच्या दुकानात कामाला राहिलो. पाच वर्षं.

गेल्या वर्षी मामा दुकान बंदच करणार होते. गुडघे गेले होते, आणि गिऱ्हाईक वेलचेरीच्या मॉलमध्ये गेलं होतं.

तेवढ्यात आपला ग्रुप चालवणाऱ्या अनघाताईंना कॅम्पेन सुचलं. "दिवाळीची खरेदी आपल्याच गावात." ग्रुपवर सगळ्यांनी "नक्की", "Count me in", "Proud of our town" लिहिलं.

मी मूर्ख. मी ते सगळं मामांना वाचून दाखवलं.

मामा मला लाडाने कण्णा म्हणायचे. त्यांनी एवढंच विचारलं, "येतील कीं रे, कण्णा?"

"येतील, मामा. सगळ्यांनी लिहून दिलंय."

मग बहात्तर वर्षांचा माणूस ते गुडघे घेऊन बसने ईरोडच्या कापडबाजारात गेला आणि स्वतः निवडून माल घेऊन आला. तुमच्या मुलांची वयं मी यादी करून दिली होती. एकाही मुलाचं माप चुकलं नव्हतं.

दारावर मराठी बोर्ड लावायचा, ही आयडिया अनघाताईंची. लिहायचं काम माझं, कारण माझं अक्षर चांगलं आणि शुद्धलेखन चुकत नाही. मजकूर त्यांनी पाठवला. शेवटची ओळ होती, "पसंत न पडल्यास माल परत घेतला जाईल."

मामा मराठी बोलायचे, पण वाचायचे तमिळ. त्यांनी विचारलं, काय लिहिलंय.

मी म्हणालो, दिवाळीच्या शुभेच्छा आणि वेळ.

शेवटची ओळ मी सांगितली नाही. ते नाही म्हणतील, अनघाताई चिडतील, कॅम्पेन माझ्यामुळे बुडेल, अशी भीती वाटली. मला कशाचीही भीती वाटते.

रविवारी तुम्ही आलात. कॅमेरा आला. मामा इतके खूश होते की प्रत्येक कपडा पिशवीत घालण्याआधी मुलाचं नाव विचारायचे आणि कोपऱ्याला हळदीचं बोट लावायचे.

इकडे दीपावलीचा नवा कपडा हळद लावल्याशिवाय अंगावर घालत नाहीत. घरी मोठं माणूस लावतं. मामांनी ते तुमच्या घरातलं मोठं माणूस होऊन केलं. तुम्ही "सो स्वीट" म्हणालात आणि व्हिडिओ काढलात.

मंगळवारी पहिली पिशवी परत आली. ऑनलाइन सेल लागला होता.

बुधवारपर्यंत सतरा पिशव्या.

ती पहिली पिशवी आणणारे साहेब म्हणाले, टॅग काढलेला नाही, बघून घ्या. मी म्हणालो, साहेब, हळद लागलीय, आता हे कोणाला देणार?

ते म्हणाले, "हळद तुम्ही लावलीत. आम्ही सांगितलं नव्हतं." आणि बोर्डाकडे बोट दाखवलं. "हे तुमचंच लिहिलेलं आहे ना?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी ती ओळ वाचून दाखवली. पहिल्यांदा.

"तूं लिहिलास?"

"हो, मामा."

"मग घेतलेंच पाहिजे. माझे दाराला आहे ते."

मामांनी सतराही पिशव्या घेतल्या, पैसे परत दिले. प्रत्येकाला पाणी विचारलं. मी म्हणालो, निदान अर्ध्या किमतीत काढू. तर म्हणाले, एका लेकराच्या नावाने हळद लावलेला कपडा दुसऱ्याच्या लेकराला विकू का मी?

मी अनघाताईंना फोन केला. त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या की कॅम्पेन awareness साठी होतं, खरेदीची सक्ती कोणावर नव्हती.

पोंगलला दुकान बंद झालं. शटर ओढलं तेव्हा तुमच्यापैकी एकही तिथे नव्हता. समुद्रावर पतंगांचा कार्यक्रम होता म्हणे. फोटो पाहिले.

त्यानंतर मामा घराच्या ओट्यावर बसून असायचे. मी रोज जायचो. मी जेवलो का, हे ते रोज विचारायचे. ती ओळ मी का लपवली, हे एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तर मंडळी, तुमची मला किळस येते. पण बोर्डावरचं अक्षर माझं होतं, हेही लिहून ठेवतो. तुम्ही तुमचं लिहा.

मामांना मूल नाही. तिरडीपुढे अग्नीचं मडकं कोणी धरायचं, असं शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा मामींनी माझं नाव सांगितलं.

मी त्यांना बाजूला नेऊन म्हणालो, "मामी, मी नको. बोर्डाचं तुम्हाला माहीत नाही."

मामी म्हणाल्या, "ठाऊक आहे. त्यांनी त्याच दिवशी सांगितलें. तूं आंघोळ करून ये."

तीन वाजता नेणार आहेत. मी अंघोळ केली आहे. मडकं मी धरेन.

मामा, तुमच्यापुढे चालतोय. सांभाळून घ्या.