आबांनी भरलेली पिशवी

पिशवी भरावी ती माझ्या चुलत सासऱ्यांनी, म्हणजे आबांनीच, बाकी सगळी दुनिया नुसतं सामान कोंबते, असं माझं ठाम मत आहे आणि त्यांचं स्वतःचं तर त्याहून ठाम. निमोण्यात आमची डाळिंबाची बाग आहे आणि आबांचा उभा जन्म डाळिंबं खोक्यात भरण्यात गेला. तळाला कागदाचं कात्रण, त्यावर फळांचा थर, परत कात्रण, परत थर. शेवटी खोकं दोन्ही हातांनी उचलायचं, कानाशी न्यायचं आणि हलवून बघायचं. आतून जरा आवाज आला की सगळं उपसून पहिल्यापासून. "वाजलं म्हंजी वाया गेलं," एवढं एकच तत्त्वज्ञान त्यांच्याकडे आहे, आणि तेच त्यांनी भावकीतल्या बाळंतपणाच्या पिशव्यांनाही लावलं. कुठल्याही सुनेला सातवा महिना लागला की हा पांढऱ्या मिशांचा, टोपीवाला माणूस ओसरीवर मांडी घालून झबली-टोपडी मोजायला बसायचा. लंगोटांचीसुद्धा एक नंबर, दोन नंबर अशी प्रतवारी व्हायची. डिंकाच्या लाडवांचा डबा, थर्मास, फाइल आणि लांबलचक वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड हे ठरलेलंच, कारण "दवाखान्यात पिन कायम पलीकडच्या पेशंटपाशी आसती."

हे वेड लागलं त्यांच्या थोरल्या मुलाच्या वेळी. बायकोला घाईघाईत शिरूरला नेलं, बरोबर काही म्हणजे काही नव्हतं. बाळ आबांच्याच सदऱ्यात गुंडाळलं आणि आबा नुसत्या बनियनवर एसटीनं घरी आले. त्या प्रवासाचा वचपा ते अजून काढताहेत, असं माझ्या चुलत सासूबाई म्हणतात.

माझ्या पहिल्या खेपेला मी त्यांच्याबरोबर शिरूरच्या बाजारात गेले होते. मेडिकलवाल्यानं सॅनिटरी पॅडचं पुडकं कागदात बांधून वर काळ्या पिशवीत घालून दिलं. आबांनी ते बाहेर काढलं. "काळ्या पिशवीत कशापायी? आमची सून बाळंत व्हनार हाय. आमी काय चोरी केली न्हाई." मग ते पुडकं छातीशी धरून ते स्टँडपर्यंत चालत गेले, वाटेत दोघा-तिघांना रामराम घातला. मी दहा पावलं मागून, पदर पार नाकापर्यंत ओढून. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता मीच ही गोष्ट सगळ्यांना सांगत सुटते.

त्यांच्या पिशवीत एकच खोट. ती उघडणाऱ्याला परत भरता येत नाही आणि त्यात काय कुठं आहे हे आबांशिवाय कुणाला ठाऊक नसतं. बरं, आबा दवाखान्यात पाऊल टाकत नाहीत. बाहेर गाडीत बसून ते फोनवरून हुकूम सोडतात, "दुसऱ्या थरात बघ. डाव्या अंगाला. टोपड्याच्या खाली." शिवाय मधल्या फटींत कात्रण भरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, त्यामुळं आमच्या भावकीतल्या निम्म्या पोरांच्या जावळात पहिल्याच दिवशी कागदाचे तुकडे निघालेले आहेत.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती पिशवी घेऊन मी दौंडला गेले. तळाला मी स्वतः शिवलेलं पांढरं दुपटं होतं, कडेनं हिरव्या दोऱ्याचा टाका घातलेलं. आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. पिशवी न उघडता परत आली, सुतळीची गाठसुद्धा तशीच. आबांनी ती माझ्या हातातून घेतली आणि आपल्या घरी नेली. त्या दिवशी त्यांनी ती हलवून बघितली नाही.

सव्वा वर्षानं परत दिवस राहिले. सातवा लागायच्या आतच मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आबा, या वेळी पिशवी भरायची नाही. घरात कसलीच तयारी नको. मला भीती वाटते." आबांनी टोपी काढली, परत घातली. "न्हाई भरत," म्हणाले. आणि खरंच, तीन महिने त्या माणसानं लंगोटाचं नाव काढलं नाही. मला बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं, की एवढ्यात ऐकलं यांनी?

कळा सुरू झाल्या सकाळी साडेदहाला. नवरा सणसवाडीला कंपनीत, फर्स्ट शिफ्टला. आबांनी गाडी अंगणात आणली आणि तीनदा हॉर्न वाजवला. तशी भावकीतल्या नऊ घरांची दारं उघडली. एकीच्या हातात थर्मास, एकीच्या हातात लंगोटांची चळत, कुणाकडं तुपाची बरणी, कुणाकडं टोपडी. सगळ्यात मागून एक म्हातारी एक्स्टेन्शन बोर्ड पोटाशी धरून येत होती. पिशवी भरायची नाही असं मी म्हटलं होतं, म्हणून आबांनी ती नऊ घरांत पसरून ठेवली होती. आता रिकामी पिशवी गाडीच्या सीटवर उघडून ते थर लावायला लागले.

"आवो, आवरा की," चुलत सासूबाई म्हणाल्या. "पोरगी हितंच मोकळी व्हईल."

"व्हतंय. कात्रान न्हाई घालत," आबा म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं याहून मोठा त्याग नव्हता. मग पिशवी उचलली, कानाशी धरून हलवली, आणि मान डोलावली. मी कळा सोसत गाडीच्या दाराला धरून हसत होते.

दुपारी मुलगी झाली. तिचं रडणं ऐकलं आणि मीही रडले, लाज न बाळगता. सिस्टरनं बाळाला गुंडाळायला कापड मागितलं. चुलत सासूबाईंनी फोन लावून स्पीकरवर टाकला. "तिसरा थर," आबा म्हणाले. "पार तळाला."

तळातून दुपटं निघालं. पांढरं, कडेनं हिरवा टाका. हाताला सायीसारखं मऊ लागलं.

"आबा, हे तर..." मी फोनकडं वळून म्हटलं.

"व्हय. त्येच." "पोराला पयलं कापाड जुनं लागतं, सूनबाई. त्ये कोरं व्हतं. दोन वरसं दर सोमवारी धुतलंय मी. झालंय का बघ जुनं."

मी लेकीला त्यात घेतलं. "झालंय, आबा," म्हटलं.

लेक आता बालवाडीत जाते. दुपटं मी आबांना परत दिलं, आणि तेव्हापासून भावकीतल्या प्रत्येक पिशवीत ते तिसऱ्या थरात जातं आणि परत येतं. धुणं अजून सोमवारचंच. हल्ली आबांना पिळणं जमत नाही, म्हणून पिळायला मी जाते. दोन टोकं त्यांच्याकडं, दोन माझ्याकडं, असं आम्ही ते झटकतो. माझी दोन्ही लेकरं त्या एका कापडात आहेत, हे आबा कधी बोलले नाहीत आणि मीही नाही. "हिरवा टाका वरच्या अंगाला येऊ दे," एवढंच ते म्हणतात, आणि मी तसं तारेवर घालते.