मराठी प्रतीतला ‘कायम’

कंपन्यांसाठी नीतिसंहिता लिहिणं हा माझा गेल्या सोळा-सतरा वर्षांचा धंदा. मी त्याला धंदाच म्हणते. व्रत म्हणणारी माणसं या क्षेत्रात पुष्कळ आहेत आणि मी त्यांच्यापासून चार हात लांब राहते. सदाशिव पेठेत एका दातांच्या दवाखान्याच्या वर माझ्या दोन खोल्या आहेत. खाली दात कोरण्याचं यंत्र घरघरत असतं आणि वर मी लिहीत असते, की कंपनीच्या कुणाही माणसाने लाच देऊ नये, घेऊ नये, खोटी कागदपत्रं करू नयेत, हाताखालच्या माणसाचा अपमान करू नये. देशातल्या कंपन्यांसाठी लिहिलं, बाहेरच्या देशांत कचेऱ्या असणाऱ्यांसाठीही लिहिलं. रागावण्याचे प्रसंग खूप आले, पण ते संध्याकाळपर्यंत विरून जात. हा एक तेवढा विरला नाही.

लोणी काळभोरच्या पुढे मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या करणारा एक कारखाना आहे. त्यांचा माल युरोपात जाऊ लागला, तेव्हा तिकडच्या गिऱ्हाईक कंपनीने अट घातली की लेखी नीतिसंहिता हवी, आणि ती कामगारांच्या भाषेतही हवी. म्हणून मला बोलावणं आलं. मनुष्यबळ खात्याचे प्रमुख माझ्याच वयाचे, अत्यंत गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, “मॅडम, तुमच्याकडे एखादी तयार असेलच की. आमचं नाव घालून द्या.”

“मी लग्नपत्रिका छापत नाही,” मी म्हणाले.

ते मनापासून हसले. मला दोन दिवस कारखान्यात हिंडायची परवानगी मिळाली.

दुसऱ्या दिवशी मी प्रेस मशीनच्या रांगेत उभी होते. या मशीनला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. दोन्ही हात बटणांवर असले की बोटं ठोकळ्याखाली सापडत नाहीत, एवढा साधा विचार त्यामागे आहे. त्या रांगेतल्या प्रत्येक मशीनचं डावं बटण काळी चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं होतं. एका हाताने बटण, दुसऱ्या हाताने पत्रा सरकवायचा. काम भराभर होतं.

तिथे काम करणाऱ्या एका बाईला मी विचारलं, “ही पट्टी कोणी लावली?”

पस्तिशीची असेल. जवळच्याच गावची, चार वर्षं ठेकेदाराकडून कामाला. तिने इकडेतिकडे पाहिलं. “सुपरवायझरनं. पट्टी काढली तर नग कमी पडत्यात. मग उद्या येऊ नको म्हणत्यात.”

“कुणाला लागलं नाही कधी?”

तिने शेजारच्या मशीनकडे मान वळवली. “तिथली बाई काम सोडून गेली. दोन बोटं तुटली तिची. रजिस्टरात लिवलं, निष्काळजीपणा.”

त्या रात्री मी संतापाने धुमसतच लिहायला बसले. पण तेव्हा माझ्यात उत्साहही होता. वाटलं, आता या संहितेला काहीतरी अर्थ आहे. मी आधी मराठी प्रत लिहिली आणि नंतर इंग्रजी. त्यातलं एक वाक्य मी सात-आठ वेळा घासून पुसून घेतलं: ‘या कंपनीसाठी काम करणारी कोणतीही व्यक्ती, मग ती कायम असो वा कंत्राटी, धोक्याची किंवा गैरप्रकाराची तक्रार करील, तर त्याबद्दल तिच्यावर कोणतीही कारवाई होणार नाही.’

कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बसवून मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मागच्या बाकावरून ती बाई उठली.

“मॅडम, हे खरं हाय का? कंत्राटी म्हंजी आमी पण?”

“तुम्ही पण,” मी म्हणाले. “मी स्वतः लिहिलंय.”

स्वतः लिहिलंय! काय तो माझा तोरा. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

छापील पुस्तिकांच्या दहा-दहा प्रती घरी आल्या. इंग्रजी पुस्तिका मी चष्मा लावून ओळ न् ओळ तपासली, कारण ती युरोपात जाणार होती. मराठी नुसती चाळली, मुखपृष्ठाचा रंग बरा आहे म्हणाले आणि कपाटात ठेवली.

दीडेक महिन्याने एका सकाळी ती बाई माझ्या दारात उभी. दिराच्या टेंपोत मेथीच्या जुड्यांबरोबर मंडईपर्यंत आली होती आणि तिथून विचारत विचारत चालत. पाणी दिलं तर एका दमात प्यायली. मग तिने पिशवीतून पुस्तिका काढली.

“तुमी सांगितलं म्हणून म्या तक्रार लिवली. चिकटपट्टीची. खाली नाव घातलं, सही केली. आठ दिवसांनी गेटवर सांगितलं, यादीत तुझं नाव न्हाई. म्या ही पुस्तिका दाखवली. तर ते म्हणाले, नीट वाच.”

मी नीट वाचलं. छापलेलं वाक्य असं होतं: ‘कंपनीच्या कायम सेवेतील कोणताही कर्मचारी धोक्याची किंवा गैरप्रकाराची तक्रार करील, तर...’ पुढचं सगळं माझंच. इंग्रजी प्रत काढून पाहिली. तिच्यात कायम आणि कंत्राटी दोन्ही जागच्या जागी होते. युरोपातल्या माणसाने वाचलं तर ही बाई सुरक्षित होती. लोणी काळभोरच्या माणसाने वाचलं तर ती नव्हतीच.

ज्याने कुणी तो शब्द बसवला, त्याला मराठी उत्तम येत असणार. व्याकरण कुठे मोडलं नव्हतं. आणि मला ओरडावंसं वाटत होतं ते माझ्यावरच. इंग्रजी प्रत तपासायला वेळ होता मला!

ती शांतपणे म्हणाली, “तुमाला ठाव होतं का?”

“नाही.”

तिने मान हलवली. तिला ते पटलं की नाही, मला कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

त्याच दुपारी मी मनुष्यबळ प्रमुखांसमोर दोन्ही पुस्तिका उघड्या ठेवल्या. त्यांनी चष्मा पुसला. “अहो, कायदेशीर सल्ला घेतला आम्ही. कंत्राटी माणसं तांत्रिकदृष्ट्या आमची नाहीतच.”

“इंग्रजीत आहेत.”

“इंग्रजी बाहेरच्यांसाठी आहे. त्यांचे निकष वेगळे. इथली परिस्थिती आपण समजून घेतो ना, मॅडम?”

“ज्यांची बोटं तुटतात त्यांनी काय समजून घ्यायचं?”

“आवाज खाली घ्या, प्लीज.”

“पट्टी काढा, मग आवाज खाली घेते. आणि त्या बाईंना कामावर परत घ्या.”

ते हसले. तेच मनापासूनचं हसू. “आपल्या करारात गोपनीयतेचं कलम आहे. आपणच घातलंय, नाही का?”

खरं होतं. मीच घातलं होतं. प्रत्येक करारात घालते. पण आमच्याच इंग्रजी संहितेत शेवटच्या पानावर त्या युरोपीय गिऱ्हाईक कंपनीचा तक्रारीचा पत्ताही होता, आणि तक्रार कोणीही करू शकतो असं तिथे लिहिलं होतं. तेही मीच लिहिलं होतं. बाहेर पडून मी आवाराच्या कुंपणापाशी उभी राहिले आणि बाईला फोन लावला. म्हटलं, मी तिकडे कळवते, पण तुमचं नाव न घालता.

“का बरं?” ती म्हणाली. “माझं नाव घाला. मी काय चोरी केलीय?”

मी दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवून, भाषांतर करून, बटणाचं वर्णन करून पत्र पाठवलं. खाली तिचं नाव आणि माझं. वकिलाची नोटीस येईल म्हणून मी महिनाभर दाराच्या घंटेला दचकत होते. नोटीस आली नाही. पण ज्या दोन कंपन्यांशी माझी बोलणी चालली होती, त्यांनी अचानक विचार बदलला. एकाने तर सांगितलं, “तुम्ही जरा जास्तच मनावर घेता म्हणे.” हो, घेते.

तीन महिन्यांनी युरोपातून तपासनीस आले. त्यांनी मशीनची रांग पाहिली, कंत्राटी बायकांशी बंद खोलीत बोलले. पट्ट्या निघाल्या. मराठी पुस्तिका पुन्हा छापली गेली आणि या वेळी वाक्य जसंच्या तसं आलं. बाईला परत बोलावलं, पण प्रेसवर नाही, पॅकिंगमध्ये. तिने ठामपणे सांगितलं की काम येतं ते प्रेसचंच, तिथेच बसणार. पंधरा दिवस रोज गेटवर जाऊन उभी राहिली. शेवटी बसवलं तिला तिथे. दोन बोटं गमावलेल्या बाईसाठी मात्र कुणी काही केलं नाही. तिची नोंद अजून निष्काळजीपणा अशीच आहे. ती बदलावी म्हणून मी तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही.

गेल्या महिन्यात मला एका परिसंवादाचं निमंत्रण आलं. विषय, उद्योगातली मूल्यं. प्रमुख वक्ते तेच मनुष्यबळ प्रमुख. त्यांची बढती झाली आहे. ‘मातृभाषेतील नीतिसंहिता: एक यशस्वी प्रयोग’ असं त्यांच्या भाषणाचं नाव होतं. मी बाईला फोन करून विचारलं, सुट्टी मिळेल का, येता का माझ्याबरोबर? ती म्हणाली, “सुट्टी टाकते की. प्रश्न इचारू देत्यात ना तिथं?”

आम्ही दोघींनी नावं नोंदवली आहेत. पहिल्या रांगेत बसणार आहोत.