दोन चकत्यांचा चिमटा

इतकी वर्षे लोटली, पण ते लोखंडी प्रकरण काही माझ्या मनातून जात नाही. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या गोव्याची हद्द तेव्हा बंद होती आणि आरोंद्याच्या बाजूला खाडीकाठच्या एका ठाण्यावर मी नवाच फौजदार म्हणून गेलो होतो. मी घाटावरचा. तिथली निम्मी बोली माझ्या डोक्यावरून जायची, आणि ते कोणाला कळू नये म्हणून मी आवाज जरा जास्तच चढवायचो.

एका सकाळी खबऱ्या आला. खाडीत होडी चालवणाऱ्या एका माणसाने माळ्यावरच्या गवतात नाणी पाडायचा साचा लपवला आहे, अशी त्याची बातमी. दोन पंच घेऊन आम्ही झडती घातली, आणि वस्तू खरोखरच सापडली. गोणपाटात घट्ट बांधलेला, लांब दांड्यांचा जड चिमटा. टोकाला बशीएवढ्या दोन लोखंडी चकत्या, चिमटा मिटला की एकमेकींवर बसणाऱ्या. एका चकतीवर लहानमोठी वर्तुळे कोरलेली, त्यांत क्रूस आणि अक्षरे. "गोव्याच्या नाण्यावर क्रूस असता, साहेब," जमादार म्हणाला. झाले! ठाण्यावर येताच मी स्टेशन डायरीत लिहून टाकले: नाणी पाडण्याचा साचा.

होडीवाला पन्नाशीचा, काटक माणूस. त्याला समोर उभा केला.

"हा साचा कोणाचा?"

"ठेव आसा, साहेब. दुसऱ्याची."

"दुसरा म्हणजे कोण?"

"ता मी सांगूचंय नाय. नाव घेतलंय तर तेंका तरास होतलो."

"नाणी कुठे पाडता? किती जण आहात?"

दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात हजर करायचे होते. गुन्हा शाबीत झाला असता तर वर्षानुवर्षे तुरुंग. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून होती, घरी लग्नाच्या दोन मुली होत्या. तरी गडी नाव सांगेना. मी चिडलो आणि त्याच्या थोबाडीत मारली. त्याने गालाला हातसुद्धा लावला नाही.

दुपारी मी माहीतगारांना बोलावले आणि घोळ आणखी वाढला. लोहार म्हणाला, हे गुरांना डाग द्यायचे हत्यार. मग त्याला दोन चकत्या कशाला? सोनाराने दोन्हींच्या मध्ये मेण दाबून ठसा काढला. तो कागदासारखा पातळ निघाला. "ह्येचा नाणा केलास तर फुंकरेन उडात," तो म्हणाला. एका पंचाने ही करणीची वस्तू आहे असे ठरवून टाकले आणि तो लांब जाऊन उभा राहिला. मी तो चिमटा उलटा धरला, सुलटा धरला, मिटला, उघडला. डोके चालेना. शहाण्याने अशा वेळी डायरीतली ओळ पुन्हा वाचावी, पण मी ती खरी कशी ठरवायची याच विचारात होतो.

आमचे क्वार्टर ठाण्याच्या मागेच होते. मी जेवायला आलो नाही म्हणून बायको डबा घेऊन आली. टेबलावरची वस्तू तिने पाहिली, कडेला नख लावले आणि वास घेतला.

"अहो, हे चुलीवरचं आहे. कडेला पीठ करपलंय बघा. आणि मेण घासलंय, चिकटू नये म्हणून."

"मेण सोनाराने लावलं."

"ते पांढरं, वरवरचं. हे आत मुरलेलं आहे."

मी पाहिले. काळ्या खोबणीत खरोखरच पिठाचा करपट थर होता. पीठ, आणि त्यावर क्रूस! मी टोपी घातली, चिमटा गोणपाटात गुंडाळला आणि जमादाराला घेऊन वाडीतल्या चर्चकडे निघालो.

पाद्रींनी गोणपाट सोडताच दोन्ही हातांनी चिमटा उचलला. आतून पत्र्याचा डबा आणून त्यांनी त्यातली एक पांढरी, पातळ, गोल चकती त्या वर्तुळावर ठेवली. ठसा तंतोतंत बसला.

"प्रार्थनेत आम्ही प्रसाद देतो तो यात भाजतात, फौजदारसाहेब. पूर्वी तयार यायचा गोव्याहून. हद्द बंद झाल्यापासून येत नाही, डब्यातले हे शेवटचेच उरलेत." मग त्यांचा आवाज खाली आला. "भाजायचं काम आमच्या एका म्हाताऱ्या विधवेचं. ती लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे. हे तिच्या आईचं लोखंड, पलीकडच्या बहिणीकडे होतं."

पलीकडचे लोखंड बंद हद्द ओलांडून अलीकडे कसे आले, हा पुढचा प्रश्न. खाडीत होडी कोणाची चालते हे मला माहीत होते. तो प्रश्न मी विचारला नाही. कायद्याच्या दृष्टीने ही माझी कसूर होती, आणि ती मी समजून उमजून केली.

ठाण्यावर येऊन मी नवा पंचनामा केला, डायरीतली ओळ दुरुस्त केली, वरिष्ठांना कळवले आणि होडीवाल्याला मोकळे केले. तो पायरीपर्यंत गेला आणि परत आला.

"साहेब, एक इचारू? ता काय होता?"

मी थक्क झालो. "तुला माहीत नव्हतं?"

"नाय. म्हातारेन बांधून ठेवूक दिल्यान. देवाची वस्तू आसा, इतक्याच बोलली."

"अरे, मग तिला विचारायचंस तरी!"

"दुसऱ्याची ठेव उघडून बघूची नसता, साहेब. इचारूची पण नसता."

मी त्याला सांगितले, की तो देवाच्या भाकरीचा तवा आहे. तो बायकोकडे वळून म्हणाला, "आयकलंस गो? तवो!" आणि दोघे हसत वाट चालू लागली. मला हसू आले नाही. ज्या वस्तूचे नावही त्याला ठाऊक नव्हते, तिच्यासाठी हा माणूस तुरुंगात जायला निघाला होता.

त्यानंतर सापडलेल्या कुठल्याही वस्तूला मी पहिल्या दिवशी नाव दिले नाही. आकार लिही, वजन लिही, वास लिही, असे हाताखालच्यांना सांगत आलो. नाव एकदा कागदावर पडले की आपले सगळे प्रश्न त्याच्याच मागे धावतात.

त्याची माफी मागायचे शब्द तेव्हा माझ्या ओठांपर्यंत आले होते. पण शेजारी जमादार उभा होता, आणि मी नवा फौजदार होतो. डायरीतली चूक दुरुस्त झाली. ती थप्पड मात्र मी कुठल्याच कागदावर लिहिली नव्हती. म्हणून आज इथे लिहितो आहे.