पांढरीवर बसलेली बोट

आमच्या घरातली पहिली बोट ट्रकमध्ये बसून कसारा घाट चढली. मी, माझा थोरला भाऊ विलासदादा आणि त्याची मुलगी, माझी भाची वैशाली असे आम्ही तिघे जीपमधून तिच्या मागे होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकजवळ मखमलाबादला आमची गुलाबाची शेती. दादा तरुणपणी फुलं घेऊन मुंबईला जायचा, आणि माल विकून झाला की बंदरावर शिडाच्या बोटी बघत बसायचा. लग्न झालं, मुलगी झाली, पॉलीहाऊस उभं राहिलं, तरी ते बघणं काही सुटलं नाही. शेवटी पन्नाशीत त्याने माझगावच्या एका वृद्ध पारशी गृहस्थांकडून त्यांची जुनी यॉट विकत घेतली. ती ठेवायची होती गंगापूर धरणावर. त्याची परवानगी मिळवण्यात त्याचा वर्षभराचा उत्साह खर्ची पडला होता.

बोट ताब्यात घेतली तो प्रसंग मला नीट आठवतो. गोदीच्या कडेला ती लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. रंग उडालेला, डोलकाठी आडवी करून बांधलेली. ते बावाजी पत्र्याच्या खरवडणीने तिच्या पाठीवरचं नाव स्वतः खरवडून काढत होते. माणसं लावून ते काम होण्यासारखं होतं, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

"तुमी नाशिकचा? तिथे दर्या कुठे हाय?" त्यांनी विचारलं.

"धरण आहे," दादा म्हणाला. "नाव राहू दिलं असतं तरी चाललं असतं."

"बोट दिली. नाव नाय दिला. ते माझ्या वाइफचा होता." मग खरवडणी बाजूला ठेवून म्हणाले, "एक सांगू? बोट घरी बसून आपली नाय राहत. तिच्याकडे जावा लागते. दोन पावसाळे नाय गेला, तर ती आपल्याला ओळखत नाय."

त्यांनी दादाला शीड कसं उतरवायचं, बोट तळाला टेकली तर सगळ्यांनी एका बाजूला कसं झुकायचं, हे सारं पुन्हा एकदा समजावलं. ट्रक निघाला तेव्हा ते बघायला थांबले नाहीत.

घाट चढून आल्यावर घाटनदेवीला ट्रक थांबला. ड्रायव्हर सिन्नरचा होता. त्याने नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा बोटीच्या नाकाडावर ठेवला.

"नाव काय हिचं?"

"अजून ठेवलं नाही," दादा म्हणाला.

"मग देवीला काय सांगू कुणासाठी फोडला?" तो म्हणाला, आणि हसत गाडीत चढला.

तिथून नाशिकपर्यंत जीपमध्ये दुसरा विषय नव्हता. वहिनीने घरातून निघतानाच 'गोदावरी' सुचवलं होतं, पण नदीच्या अंगावर तिचंच नाव लिहिणं दादाला पटत नव्हतं. त्याच्या मनात 'वैशाली' होतं. वैशाली तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती.

"माझं नाव नको, बाबा. उद्या ती विकलीत तर पेपरात काय छापणार? 'जुनी वैशाली विकणे आहे'?"

घोटीला गाड्या थांबल्या. तिथे आम्ही गरम भजी आणि चहा घेतला. बोटीभोवती माणसं जमली. ही विमानाची टाकी आहे, असं एकाने ठामपणे सांगितलं आणि बाकीच्यांनी ते मान्य केलं.

बोट दुरुस्त होऊन पाण्यात उतरली ती चैत्रात. धरण तेव्हा ओसरायला लागलेलं असतं. काठावर भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा, त्यात कुणी काकडी-कलिंगडं लावलेली, आणि पलीकडे उघडे डोंगर. पहिल्या फेरीला आम्ही तिघेच होतो. शीड भरलं तेव्हा दादाचा चेहरा मी पाहिला. आमच्या लहानपणी बैलगाडी पहिल्यांदा त्याच्या हातात दिली होती, तेव्हा तो असा दिसला होता.

जलाशयाच्या मध्याच्या थोडं पुढे गेल्यावर खालून खर्रकन आवाज आला. बोट जागच्या जागी थांबली, पण वारा काही थांबला नाही. शीड आडवं व्हायला लागलं, एका कडेवरून पाणी आत आलं आणि पुढे बसलेली वैशाली घसरत माझ्यापर्यंत आली. मी तिचं जाकीट धरून ठेवलं. दादा दोरांशी झटत होता. शीड एकदाचं खाली आलं, पण बोट कलती ती कलतीच राहिली. तळाला असलेली लोखंडी पाती कशात तरी रुतली होती.

थोड्या वेळाने एक नवराबायको सपाट बुडाची होडी वल्हवत आले. जाळी लावायला निघाले होते. बाई पन्नाशीची असेल. तिचं नाव हिराबाई.

"पांढरीवर बसली तुमची बोट," ती म्हणाली.

"खडक आहे का खाली?" दादाने विचारलं.

"खडक नाय वो. पांढरी म्हंजी गावठाण. आमचं गाव हाय खाली. भिताडावर बसलीये ती."

मी शाळेत भूगोल शिकवते. धरणाचा नकाशा मी फळ्यावर कितीदा तरी काढला होता. पण त्या क्षणी पाय उचलून घ्यावेत असं मला वाटलं.

बावाजींनी सांगितल्याप्रमाणे आम्ही तिघे एका कडेला झुकलो. हिराबाईच्या नवऱ्याने दोर बांधून होडीतून ओढ दिली. दोनदा काहीच झालं नाही. तिसऱ्या वेळी बोट सुटली.

काठावर हिराबाईच्या झोपडीपुढे आम्ही कोरा चहा प्यायलो. दादा हातातल्या कपाकडे बघत म्हणाला, "बाई, हिला अजून नाव नाही. 'पांढरी' ठेवलं तर चालेल?"

तिने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "गाव पान्यात गेलं. आता नावबी नेता का, भाऊ?"

आवाजात राग नव्हता.  दादाने 'नाही' अशी मान हलवली आणि विषय संपला.

आम्ही उठलो तेव्हा तिनेच विचारलं, "किती मान्सं बसत्यात हिच्यात?"

"सहा जण."

"आखितीला येता का? म्हातारी मान्सं हायत आमची. होडीत बसायला लय भेत्यात. हिला कठडा हाय."

आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी आम्ही गेलो. नाशिक भागात त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात. काठावर धुतलेल्या कपड्यांत म्हातारेकोतारे बसले होते, प्रत्येकाजवळ मातीची घागर. दादाने एकेका खेपेला चौघांना नेलं. त्या जागेजवळ शीड उतरवून, नांगर टाकून तो थांबायचा. पहिल्या खेपेला हिराबाईने होडीतून पुढे होऊन जागा दाखवली. एक म्हातारबाबा कठडा धरून उभे राहिले आणि पाण्याकडे बोट करत सांगू लागले, "ह्ये आमचं. त्याच्या अंगाला कुंभाराचं. त्या तिथं चावडी." मग खाली बसून त्यांनी घागर पाण्यात सोडली. ती बुडेपर्यंत सगळे तिच्याकडे बघत होते.

दुपार होत आली तरी खेपा चालू होत्या. एकदा आम्ही परतत असताना हिराबाई काठावर उभी होती. झाडाखाली टेकलेल्या पुढच्या खेपेच्या माणसांना तिने हाक दिली,

"उठा रे, पांढरी आली!"

दादाच्या हातातलं सुकाणू क्षणभर तसंच राहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. हिराबाईलाही आपण काय बोललो ते जाणवलं असावं. तिने पदर सावरला, पण शब्द मागे घेतला नाही.

संध्याकाळी गंगापूर रोडने घरी येताना वैशाली म्हणाली, "मग आता रंगवून घ्यायचं ना नाव?"

"कशाला?" दादा म्हणाला. "ज्यांना हाक मारायची, त्यांना पाठ आहे."

त्याला काही वर्षं झाली. कागदोपत्री मालक अजून दादाच आहे. रंगकाम, दोर, शिडाची ठिगळं हे सगळं तोच बघतो आणि दर आठवड्याला फुलांच्या कामातून वेळ काढून तिकडे जातो. आखितीला बोट त्याची नसते, त्याबद्दल कधी बोलणंही होत नाही. बोटीची पाठ कोरी आहे. मुंबईचे पाहुणे आले की नाव का लिहिलं नाही म्हणून विचारतात, आणि दादा त्यांना बसायला सांगून शिडाची दोरी सोडायला लागतो.