गव्हाच्या घरी परतताना

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी साताऱ्याहून रत्नागिरीला माहेरी आले, तेव्हा माझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. पोट सदा फुगलेले, खाल्लेले अंगी लागत नसे, आणि दिवसातून कितीदा परसाकडे धावावे लागते हे आईलाही सांगायची लाज वाटे. तिने काही विचारले नाही. मऊ भाताची पेज, वर तुपाचा थेंब, मिठात मुरलेल्या आवळ्याची फोड, एवढेच ती पुढे ठेवत गेली. महिन्याभरात पोट निवले. गालांवर रंग आला. मी सासरी परतले, आणि काही आठवड्यांत पुन्हा तशीच वाळून माहेरी आले. पुढच्या वर्षीही तेच.

मग लोकांनी आपापला अर्थ लावला. सासरी म्हणत, "हिचं दुखणं पोटात नाही, मनात आहे. कोकण दिसलं की बरी होते." रत्नागिरीत शेजारणी आईला म्हणत, "सासू पोटभर वाढत नसेल हो. देशावरची माणसं ती!"

दोन्ही खोटे होते. सासूबाई मला आग्रह करकरून वाढत. तव्यावरून फुगून उतरलेली पोळी, तिच्या पोटातून निघणारी ती गोडसर, भाजकी वाफ, वर घरचे तूप. अशक्त सुनेच्या ताटात नेहमी एक पोळी जास्तच पडे. आणि मला ते घर हवे होते. संध्याकाळी यांची सायकल दाराशी टेकल्याचा आवाज, माडीवरच्या खिडकीतून दिसणारा अजिंक्यताऱ्याचा कडा, यांच्या सदऱ्याला येणारा शाईचा नि घामाचा वास. लहानपणापासून ऐकलेल्या सगळ्या ओव्यांत बाई सासरी बसून माहेरासाठी झुरते. मी माहेरी बसून सासरासाठी झुरत होते, आणि माझ्यासाठी कोणी ओवी रचलेली नव्हती.

शेवटच्या खेपेला निघताना सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "आता ठणठणीत होऊन ये. पुन्हा इथे येऊन अंथरूण धरायचं असेल, तर मात्र माहेरीच राहा." हे मागे उभे होते.

त्या खेपेला मी बरी झाले, आणि परतायचा दिवस जवळ आला तशी आईला वाटू लागले की लेकीला जरा ताकद देऊन पाठवावे. तिने रोज सकाळी गव्हाच्या रव्याचा शिरा करायला घेतला. वेलदोड्याचा वास ओटीपर्यंत येई. मी मन लावून खाल्ला. आणि माहेरच्या घरात, आईच्या हातचे खाऊन, समुद्राच्या वाऱ्यात झोपून, मी पुन्हा आजारी पडले.

मला आठवते, त्या पहाटे परसातून येताना भिंतीचा आधार घेतला, गार चिरा तळव्याला खरबरीत लागला, आणि मला आनंद झाला. आजारी पडल्याचा आनंद. म्हणजे माझ्या मनाने सासर नाकारले नव्हते. दुखणे खरे होते, आणि ते कशाततरी होते.

कशात, ते दवाखान्याच्या बाकावर कळले. शेजारी एक बाई बसली होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. मूळची पूर्णगडची, नवरा बोटीवर, मुलांच्या शाळेसाठी मांडवीजवळ बिऱ्हाड केलेली. तिने माझ्या मनगटाकडे पाहिले आणि सरळ विचारले, "गो बाय, तुझी पण पाणी होऊन जातात का जेवणं?"

मी लाजेने मान हलवली.

"लाजू नको. माझं मुंबईला नळी गिळवून आतड्याचा तुकडा काढून तपासलेला हाय. गहू सोसत नाय मला. जन्मभर नाय सोसायचा. तू काय काय खातेस ते सांग बघू."

मी सांगत गेले आणि शिऱ्यापाशी आले तशी ती मांडीवर थाप मारून म्हणाली, "घे! आईनंच घातलान की विष, तूप घालून!"

आमच्या डॉक्टरांनी तिचे मुंबईचे कागद पाहिले, मला तपासले, आणि गहू पूर्ण सोडायला सांगितला. पाव, बिस्किटे, शेवया, सगळे. ते सांगायला त्यांना दोन मिनिटे लागली. ते जगायला तिने मला शिकवले. गिरणीत गव्हावर दळलेले तांदळाचे पीठ चालत नाही, म्हणून ती जात्यावर दळी. पोळ्यांच्या तव्यावर भाकरी भाजायची नाही. हळदीकुंकवाला गेले की दुखणे सांगायचे नाही, उपास सांगायचा. "दुखणं सांगितलंस तर बायका औषधं सांगतील, आणि वर करंजी हातात देतील. उपास म्हटलं की हात मागे." त्या चैत्रात आम्ही दोघी घरोघर उपास सांगत हिंडलो आणि आळीत माझी मोठी देवभक्त म्हणून ख्याती झाली.

दुपारी मी तिच्याकडे जेवायला जाई. आमच्या घरी मासे चालत नसत, म्हणून ती माझ्यासाठी कुळथाचे पिठले निराळ्या भांड्यात करी. तांदळाची भाकरी तव्यावरून उतरताना तिच्या ओल्या हाताचा ठसा वर उमटलेला असे. खिडकीतून वाळत घातलेल्या जाळ्यांचा खारट वास येई. कुठला घास घातक असेल, हा विचार न करता जेवणे म्हणजे काय, हे मी तिथे पुन्हा अनुभवले.

पावसाळा सरता सरता मी पुरती बरी झाले. सांगावा गेला, पण न्यायला हे आले नाहीत. सासूबाई आल्या. सोबत कणकेच्या लाडवांचा डबा.

ओटीवर पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. आई गव्हाचे सांगू लागली. त्यांनी ऐकून घेतले, मग म्हणाल्या, "विहीणबाई, सगळं जग गव्हावर जगतं. हिलाच बरा बाधतो! मी एक विचारते. नवरात्रात माझ्याबरोबर ही नऊ दिवस उपास करते. साबुदाणा, वरीचे तांदूळ, सगळं चापून खाते. तेव्हा कसं हिचं पोट दुखत नाही? मला दिसत नाही का?"

आईचा चेहरा उतरला. मी खाली पाहिले. सासूबाईंच्या सोवळ्याचे ऐकून पूर्णगडची माझी मैत्रीण ओटीच्या पायरीवरच बसली होती. ती एकदम हसू लागली.

"काकी, अहो, तुम्हीच सोडवलात की! नऊ दिवस उपासात गहू कुठला? तेवढे दिवस बरी. आणि दसऱ्याला?"

सासूबाईंनी डब्यावरचा हात मागे घेतला. "दसऱ्याला पुरणपोळ्या," त्या हळूच म्हणाल्या. "दसऱ्यानंतर निजूनच होती." मग त्यांनी लाडवांकडे पाहिले.

"ज्वारी चालते?" त्यांनी विचारले. पायरीकडे पाहून विचारले.

"चालते. पण तवा निराळा. परात निराळी. पिठाचा हातसुद्धा लागता नये."

"म्हणजे सोवळंच की," सासूबाई म्हणाल्या. "मग एवढं घोळवून काय सांगता? चाळीस वर्षं तेच करते मी." त्यांनी डब्याचे झाकण लावले आणि तो आईकडे सारला. "हे तुमच्याकडे राहू द्या. उद्याच्या गाडीनं हिला नेते."

ज्यासाठी इतके झुरले, ते असे एका वाक्यात पदरी पडले. रात्री मी ट्रंक भरली, आणि साड्यांच्या घड्या घालताना ध्यानात आले की घरी माझा तवा निराळा असेल, माझे पान निराळे असेल, आणि सासूबाई ते सोवळे कडक पाळतील. यांच्या ताटातला घास आता मला कधीच घेता येणार नव्हता.

सकाळी स्टँडवर मैत्रीण आली. सासूबाईंच्या सोवळ्यात तिच्या हातची भाकरी बसली नसती, पण कोरड्या पिठाला विटाळ नसतो. हे तिला ठाऊक असावे. तिने तांदळाच्या पिठाची पिशवी खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली. "पहाटे दळलं गो. महिनाभर पुरव. आणि लाजू नको कुणाला." सासूबाईंनी पिशवीकडे पाहिले, मान डोलावली, आणि गाडी सुटली.

घाट लागेपर्यंत वाऱ्यातला खारेपणा गेला होता. पुढे माझे घर होते, ज्याची वाट मी इतके महिने पाहिली होती. पीठ पदराखाली अजून कोमट होते. त्यात तळवा खुपसून मी बसून राहिले, आणि मला भूक लागली ती मागे राहिलेल्या मैत्रिणीच्या खिडकीजवळच्या दुपारची.